साडूचा सोफा आमच्या लॅपटॉपमध्ये

...आणि वर बायको मलाच विचारते, "तुम्ही भाओजींवर जळता का हो?" मी! जळतो! अहो, चष्म्याचं दुकान आहे माझं, सकाळपासून "वरची ओळ वाचा, आता खालची वाचा, आता कसं दिसतंय" करत बसलेला असतो, मला जळायला वेळ आहे कुठे? आणि जळायचं तरी कोणावर, तर साडूवर! बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे तसा घरचाच माणूस. लिफ्ट विकतो. इमारतीच्या इमारतींना लिफ्ट विकतो आणि स्वतः सारखा वरवर जात असतो. जाऊ दे की! आपलं काय जातं? जळतो कोण? मी? छे!

हे सगळं त्या लॅपटॉपनं केलं, तुम्हाला सांगतो. साडूनं नवा घेतला आणि जुना आम्हाला दिला. दिला म्हणजे कसा दिला ते ऐका... एक हात खिशात, मान जरा तिरकी, "घ्या हो साडूभाऊ, माझ्याकडे नुसता पडून होता." पडून! माझ्या दुकानातला चालू कॉम्प्युटर त्याच्या पडून असलेल्यापेक्षा हळू चालतो! बरं, दिलास ना? मग तुझं खातं काढून घे की त्यातून! नाही काढलं. आणि त्यात त्याचं ते क्लाउड. क्लाउड म्हणजे काय, तर साडूनं फोनवर फोटो काढला की तो वर कुठेतरी जातो आणि तिथून त्याच्या सगळ्या यंत्रांमध्ये उतरतो. आणि हा लॅपटॉप अजून स्वतःला त्याचंच यंत्र समजत होता! राहतो आमच्याकडे, वीज खातो आमची, आणि नांदतो साडूच्या खात्यात!

आम्हाला आधी कळलंच नाही. फोटो नावाचा एक फोल्डर दिसला, त्यात साडूचे काही जुने फोटो होते, म्हटलं राहिले असतील मागे. आमच्या हिचा फोन भरला होता, शिवाय तो एकदा धुण्याच्या बादलीत पोहून आलेला, त्याचा भरवसा काय? म्हणून हिनं लेकीचे, आमच्या ढमीचे, जन्मापासूनचे सगळे फोटो त्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवले. पहिलं पाऊल टाकतानाचा व्हिडिओ, माझ्या आईची कवळी हातात घेऊन पळतानाचा व्हिडिओ, सगळं तिथे. आणि ढमी रोज काहीतरी नवं करतेच, तेही रोज तिथेच. मग तो फोन बादलीचं निमित्त होऊन गेलाच. म्हणजे ढमीचं सगळं लहानपण आता फक्त त्या एका फोल्डरमध्ये. हे लक्षात ठेवा हं. मी नाही ठेवलं.

आणि मग एके दिवशी त्या फोल्डरमध्ये आला... सोफा!

नवा कोरा. फोटो आला, खाली तारीख त्याच दिवसाची! राखाडी रंगाचा, कोपऱ्यातून वळून परत पुढे येणारा, एका टोकाला बसलेल्यानं दुसऱ्या टोकाच्या माणसाला हाक मारायची तर फोन लावावा लागेल असला सोफा! दुसऱ्या दिवशी बटण दाबून सरकणारे पडदे. मग कॉफीचं यंत्र. मग तोच सोफा खिडकीच्या बाजूनं. मग तोच सोफा, पण त्यावर नवी उशी. अरे, उशीचा फोटो काढतोस? उशीनं काय पराक्रम केला? आमच्याकडे सोफा म्हणजे दोघांचा. त्यावर आई, ही, ढमी, ढमीच्या बाहुल्या आणि इस्त्रीचे कपडे. मी घरी गेलो की स्टुलावर! दुकानात स्टूल, घरी स्टूल! पण जळतो कोण? मी? छे!

ही म्हणाली, "अहो, भाओजींचं खातं चालू राहिलंय यात. बरं नाही दिसत असं दुसऱ्याचं बघणं. त्यांना सांगा आणि नीट काढून टाका. पण आधी ढमीचे फोटो पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायचे, ते उघडतात का बघायचं, आणि मग लॅपटॉप खात्यातून तोडायचा. आणि भाओजींचं काही पुसायचं नाही हं, इथे पुसलं की त्यांच्याकडचंही जातं." ही पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्टांचं काम बघते, तिला हे सगळं येतं. मी म्हटलं, "सांगतो, सांगतो."

नाही सांगितलं. का नाही सांगितलं? अहो, कामं असतात माणसाला! आणि सकाळी चहाबरोबर जरा उघडून बघायचो, आज काय आणलं बेट्यानं... उगाच, माहिती असावी म्हणून.

मग तो दिवस आला. मी चहा पीत साडूच्या सोफ्याकडे बघतोय, मागून ही आली, माझ्या खांद्यावरून वाकली आणि म्हणाली, "अगंबाई! किती सुंदर आहे हो!" आमचं लग्न झाल्यापासून या सुरात ही कशालाही सुंदर म्हणालेली नाही. मला जावयाचा मान देतानासुद्धा हिच्या माहेरी "बरा आहे" असंच म्हणाले होते! ही आत गेली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, एकच फोटो. एकच पुसू. लॅपटॉपनं काहीतरी बारीक अक्षरात विचारलं. मी जगाला बारीक अक्षरं वाचायला लावतो, पण स्वतः वाचलं नाही. हो म्हटलं. गेला सोफा! काय गार वाटलं हो...

आणि दुपारी फोन! साडूचा! "साडूभाऊ... तो सोफ्याचा फोटो... तुम्हाला दिसतोय का हो?" हातात गिऱ्हाइकाची काच होती, ती फ्रेममध्ये उलटी बसवली. "कुठला सोफा?" म्हटलं. "सोफा म्हणजे... बसायचा सोफा का?" तो पलीकडून म्हणाला, "नाही, काही नाही. राहू दे." आणि ठेवला. राहू दे! म्हणजे कळलंय! म्हणजे हा आता मेव्हणीला सांगणार, मेव्हणी हिला सांगणार, आणि सासरच्या प्रत्येक लग्नात मला सोफ्यावर बसवून हसणार!

घरी पळत आलो. ही अजून लॅबमध्ये होती. म्हटलं, पुरावाच नष्ट करू, संबंधच तोडून टाकू. उघडलं, कुठे कुठे दाबलं, सापडलं, "खातं या लॅपटॉपवरून काढायचं?" हो! "लॅपटॉपवरच्या फाइलीही काढायच्या?" हो, हो, काढ बाबा, सगळं काढ, सोफा काढ, पडदे काढ, उशी काढ!

फोल्डर रिकामा.

शांत. स्वच्छ. मी हात झटकले, चहा ठेवला, आणि चहाला उकळी येताना डोक्यात आलं... ढमी!

तुम्हाला सांगतो, गॅस बंद करायचं भान राहिलं नाही. लॅपटॉप बंद केला, चालू केला, उलटा केला. उलटा करून काय पडणार होतं त्यातून? ढमीचं पाऊल पडणार होतं? तेवढ्यात ही आली. चहा करपल्याचा वास आला तिला आधी, मग माझं तोंड दिसलं, मग लॅपटॉप. ओरडली असती तर बरं झालं असतं हो. हळू आवाजात म्हणाली, "ढमीचं पहिलं चालणं कुठे आहे?"

इतरांना लांबचं जवळचं दाखवणारा माणूस मी, मला समोरचं दिसेना. मग ती खाली बसली, डोकं धरून विचार केला तिनं, म्हणाली, "लॅपटॉपवरून गेलंय. पण खातं भाओजींचं, म्हणजे त्यांच्याकडे असायला हवं. तुम्ही आधी काही पुसलं नव्हतं ना?" मी म्हटलं, "एक सोफा." तिनं माझ्याकडे जे बघितलं ना... "जा," म्हणाली. "आत्ता. आणि खरं सांगून या."

गेलो. लिफ्टनंच गेलो, त्याचीच असणार ती. साडूनं दार उघडलं. आतमध्ये तो सोफा. अहो, फोटोत लहान दिसत होता! पण त्याच्यावरचं प्लास्टिकचं आवरण अजून निघालेलं नव्हतं. आणि साडू स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या उभ्या जेवत होता, ताट हातात घेऊन. मेव्हणी मुलाकडे, दूर, अर्धं वर्ष तिकडेच असते, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि त्याला असं उभ्यानं जेवताना बघणं वेगळं.

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. लॅपटॉप, खातं, रोजचं बघणं, पुसलेला सोफा, ढमी. वाटलं आता हा बाहेर काढणार. तर त्यानं ताट खाली ठेवलं, आणि म्हणाला, "म्हणजे... ढमीचे फोटो तुम्ही मला पाठवत नव्हता?"

"म्हणजे?"

"अहो, माझ्या फोनवर रोज यायचे. मला वाटलं तुम्ही दोघं मुद्दाम पाठवताय. मी एकटा असतो म्हणून. मी वाट बघायचो हो संध्याकाळी. ती कवळी घेऊन पळते ना, तो व्हिडिओ मी हिला तिकडे पाठवला. आणि मग मला वाटलं, ते एवढं प्रेमानं पाठवतात, आपणही काहीतरी पाठवायला पाहिजे. पण माझ्याकडे काय आहे? हलणारं बोलणारं कोणीच नाही घरात. म्हटलं, ढमीचे येतात त्याच फोल्डरमध्ये टाकलं की तुम्हाला दिसेल. सोफा होता, सोफा पाठवला. पडदे पाठवले. परवा तर उशी पाठवली, मलाच हसू आलं. आणि आज सोफा गायब झाला तेव्हा वाटलं, तुम्हाला आवडला नाही वाटतं."

आता सांगा! मी लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतो, आणि इतके दिवस तो फोटो बघितला, मोठा करून बघितला, शिलाई मोजायचीच बाकी होती, पण त्या एवढ्या लांब सोफ्यावर एकही माणूस नाही, हे मला दिसलं नाही! मला रडू आलं हो. खरंच आलं. लपवायला म्हणून मी त्या सोफ्यावर बसलो... आणि काय मऊ आहे तुम्हाला सांगतो! प्लास्टिकवरूनसुद्धा! एका क्षणात माझं रडू थांबलं आणि मनात आलं, एकटेपणासुद्धा याचा माझ्यापेक्षा ऐसपैस!

तर ढमी मिळाली. सगळी मिळाली, पहिल्या पावलापासून कवळीपर्यंत. पेन ड्राइव्हवर उतरवली, हिनं एकेक उघडून बघितली. खात्याच्या कचरापेटीतून सोफाही परत आणला, मीच आणला, माझ्या हातानं. लॅपटॉप साडूच्या खात्यातून रीतसर सुटला, आणि आता हिनं दोन्ही घरांचा मिळून एक फोल्डर केलाय, सगळ्यांना माहीत असलेला. आणि "सुट्टीच्या दिवशी भाओजींकडे जायचंच" असं ठरलंय. सुट्टीच्या दिवशी म्हणजे ज्या दिवशी माझ्या दुकानात सगळ्यात जास्त गर्दी, त्या दिवशी!

काल तसंच. मी दुकानात, स्टुलावर, आणि फोनवर फोटो आला. साडूनं टायमर लावून काढलेला. तोच सोफा. प्लास्टिक काढलेलं. आणि पहिल्यांदाच सोफ्यावर माणसं! एका टोकाला माझी आई, पाय वर घेऊन. मधे ही, इतकी हसतेय की डोळे मिटलेत. साडूच्या मांडीवर ढमी, तिच्या हातात आईची कवळी. आणि एवढी सगळी बसूनही कोपऱ्यात एका माणसाची जागा रिकामी! समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "काय हो, सगळं धूसर दिसतंय." मी म्हटलं, "मलाही."

जळतो कोण? मी? ...हो, जळतो! पुसायला बोटही गेलं होतं. पण त्या फोटोत सोफा सोडला तर बाकी सगळं माझंच आहे, पुसणार काय? फोटोखाली लाल बदाम टाकला आणि स्टुलावर सरकून बसलो.