हाताने फिरवायचं मशीन

मुलुंडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून, डोळे मिटून बसलेल्या शेवंताबाईंच्या कानावर शेजारच्या सासू-सुनेचं बोलणं येत होतं.

"आई, तुमचा हात थरथरतो, कात्री सोडा आता. मोबाईलवर बघा, हे मशीन साच्याने गोधडीचे तुकडे कापतं, सहा थर एकदम."

"फुलाचा साचा आहे?"

"आहे ना. बटण दाबलं की झालं."

"मग तुझ्या नातवंडाची गोधडी पणजीची म्हणायची की बटणाची?"

"हाताने फिरवायचं पण मिळतं. दमाल हो!"

"जातं फिरवून तुझ्या नवऱ्याला पोसलंय गं. खुंटा धरला की हात नाही थरथरत. मी फिरवीन, आणि माझ्या लुगड्याची फुलं पडत राहतील, बकुळीसारखी…"

शेवंताबाईंचा हात मांडीवर हळूहळू गोल फिरू लागला.