न केलेल्या भाषणाचा हार

व्यासपीठावर मधोमध बसलेले आजचे अध्यक्ष, आपले सरपंच आप्पा. त्यांच्या उजव्या हाताला प्रमुख पाहुणे, आपल्या मतदारसंघाचे सन्माननीय आमदारसाहेब. डाव्या हाताला मुंबईकर मंडळाचे चिटणीस लवू, ज्यांनी पंचायतीला टीव्ही आणून दिला. कडेच्या खुर्चीत अवघडून बसलेले सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणारे पंचायतीचे शिपाई दत्ताराम. सतरंजीवरची पुरुषमंडळी, आणि खांबाआड उभ्या राहिलेल्या माझ्या बायांनो,

मला बोलायला उभं केलंत तो वयाचा मान, हे मी ओळखून आहे. मला अक्षर येत नाही, म्हणून हातात कागद नाही. समोर माझी नात विमला वही घेऊन बसली आहे. मी बोलेन ते ती उतरवून घेईल. पुढे कोणी म्हणायला नको, की जाईबाई असं बोललीच नव्हती. आपल्या गावात भाषणांची थोडी भानगड आहे. ती ओघानं येईलच.

दत्तारामानं बावीस वर्षं पंचायतीची घंटा वाजवली, दाखले पोचवले. त्यासाठी शाल ठीक आहे. पण गाव त्याला ओळखतं ते पेपरामुळे. दुपारच्या एसटीनं आदल्या दिवशीचा पेपर यायचा. दत्ताराम पंचायतीच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचा, आणि आम्ही तासभर त्याचं डोकं खायचो. सोनूबाई म्हणायची, "थांब रे मेल्या, पळतोस कशाला? रॉकेलचं परत वाच." तो परत वाचायचा. एखादा मंत्री भलतंच बोलला, तर आम्ही त्याच्या वाटणीच्या शिव्या दत्तारामाला द्यायचो. तोही म्हणायचा, "काकी, मी नाय बोललो, ह्यो बोलला," आणि पेपर पुढे करायचा. जसं काही मला वाचता येणार होतं.

आता टीव्ही आहे. लवू, राग मानू नकोस, रंग छान आहेत. पण साडेसातच्या बातम्यांत विधानसभा दिसते ती बाहेरून. इमारत, पायऱ्या, मोटारी. आत आपली माणसं काय करतात ते बातम्या देणारी बाई सांगत नाही, आणि तिला "थांब गो, परत सांग" म्हणायची सोय नाही. बातम्या संपेपर्यंत लोक शेंगा सोलतात. मग गाणी लागली की गप्प बसतात. गेल्या दिवाळीत पंचायतीनं ठराव केला, की टीव्ही असताना पेपर कशाला? झाला बंद. विधानसभेवर रागवायलासुद्धा आता कोणी जमत नाही. जो तो आपापल्या घरात चिडतो आणि जेवून झोपतो.

आप्पा, ही चिठ्ठी माझ्याकडे कशाला पाठवलीस? मला वाचता येत नाही, हे आत्ताच सांगितलं ना?

तर सहा वर्षांमागची गोष्ट. आपल्या पऱ्यावर, वाडीखालच्या ओढ्यावर, साकव आहे, म्हणजे सुपारीची दोन खोडं टाकलेली आहेत. आषाढात पाणी चढलं होतं. लावणीवरून परत येताना माझी सून तुळसा त्यावरून घसरली. विमलाची आई. ती दुसऱ्या दिवशी खाली खाडीच्या तोंडाशी सापडली. एवढंच सांगते, बाकी तुम्हाला ठाऊक आहे.

तिच्या बाराव्याला सगळी वाडी अंगणात होती. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला कलेक्टर कचेरीवर मोर्चा न्यायचं ठरलं होतं. एसटीचं पण बोलणं झालं होतं. मुंबईत तेव्हा अधिवेशन चालू होतं. कोणीतरी म्हणालं, "दत्तारामा, आपलं काय निघालं काय रे तिकडं?" त्यानं पेपर उघडला. पेपरावरून एकदा विमलाकडे बघितलं. मग वाचलं, की आपले आमदारसाहेब परवा सभागृहात उभे राहिले आणि म्हणाले:

"अध्यक्ष महाराज, माझ्या मतदारसंघात माणसं सुपारीच्या दोन खोडांवरून पऱ्या ओलांडतात. तिथून एक बाई गेली. तिचं नाव तुळसा. आपल्या ह्या इमारतीच्या पायऱ्या जेवढ्या रुंद आहेत, त्याच्या चौथ्या हिश्श्याची वाट तिच्या गावाला द्या."

अंगणात बाप्ये रडले. मोर्चा राहिला. साहेबच बोलले म्हटल्यावर आता कलेक्टरकडे कशाला जायचं? तो अंक मी दत्तारामाकडून मागून घेतला आणि देव्हाऱ्याखाली ठेवला. दर आषाढात त्याला हळदकुंकू वाहिलं. दिवाळीला साहेब गावात आले तेव्हा आम्ही त्यांना झेंडूचा हार घातला, भाषणाबद्दल. साहेबांनी हात जोडले आणि म्हणाले, "ते माझं कर्तव्यच होतं."

ह्या वर्षी विमला मॅट्रिक झाली. म्हटलं, पोरी, तुझ्या आईचं काय छापून आलं होतं ते तू वाच. तिनं तो अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचला. आत कांद्याचा भाव होता, सिनेमाच्या जाहिराती होत्या, आणि विधानसभेविषयी चार ओळी होत्या. गोंधळामुळे कामकाज तहकूब. बस.

मी दत्तारामाला घरी बोलावलं. तो उंबऱ्यातच बसला. म्हणाला, "काकी, अंगणात पोर बसली होती. तहकूब असं कसं वाचू?"

दत्तारामा, तुझ्यावर मी चिडले, आणि आज सत्काराच्या दिवशीही ते लपवत नाही. तुझ्या मायेनं आमचा मोर्चा निजवला, आणि सहा पावसाळे त्याच खोडांवरून पोरं शाळेत गेली. पण चूक माझीही आहे. साहेबांना तुळसाचं नाव माहीत असेल, हे मी मानलंच कसं? तू खोटं वाचलंस, पण निदान त्या रात्री झोप लागली नव्हती असं म्हणालास. हार घेणाऱ्याची झोप कशी होती, ते मी विचारत नाही. ते पाहुणे आहेत.

साहेब, मला लिहिता येत नाही, म्हणून मी विसरतही नाही. ते भाषण मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. विमलानं ते स्वच्छ अक्षरात उतरवलं आहे. दे गो त्यांच्या हातात. हे तुमचंच आहे. हार तुम्ही आगाऊ घेतलेला आहे, भाषण तेवढं राहिलं. पावसाळी अधिवेशन पुढच्या महिन्यात आहे.

आणि दत्तारामा, तुला निवृत्ती नाही. उद्यापासून माझ्या पडवीत पेपर येईल. वाचायचा तूच, तुझ्यासारखं कोणाला जमत नाही. फक्त आता विमला शेजारी बसेल, तुझ्या ओळीवर बोट ठेवून. कामकाज तहकूब असेल तर तहकूब वाचायचं. रडायचं की एसटीत बसायचं, ते आमचं आम्ही ठरवू.

अध्यक्षांनी वेळ दिला, पाहुण्यांनी खुर्ची सोडली नाही, तुम्ही शेंगा न सोलता ऐकलंत, सगळ्यांचे आभार. माझ्या बोलण्यात कुठे शब्द वाकडा गेला असेल तर म्हातारीची चूक पोटात घाला. विमला, हे शेवटचंही लिहिलंस ना? मग आता सगळं पहिल्यापासून मोठ्यानं वाचून दाखव. साहेब बसले आहेत तोवर.