रोहिणखेडचा सर्व्हर

सत्यभामाबाई : हाव, हात पुसले. कोरड्या फडक्यानं पुसले. पाटल्याही काढून ठेवल्या. आता सांग.

डिंपल : पाटल्या कशाला काढल्या, आई?

सत्यभामाबाई : तूच सांगतलं नं, धातूचं काहीच लागलं नाही पाह्यजे त्याले. काचेच्या बांगड्या हातातच आहेत, त्याची काळजी करू नको.

डिंपल : बरं केलं. फोन मोठ्या आवाजावर आहे ना?

सत्यभामाबाई : आहे. ज्वारीच्या कोठीवर ठेवला, तुह्या बोर्डाच्या जवयच. मोठा फोन हरिओमनं नेला, नाहीतर तुले सारं दाखवलंच असतं.

डिंपल : असू द्या. फोटो बघून बघून तो सर्व्हरचा बोर्ड मला पाठ झालाय. तुम्ही जे दिसतं ते बोलत राहा. हे कधी येणारेत?

सत्यभामाबाई : वांगी खाली केली का निघते बुलडाण्याहून. आल्याबरोबर तुहा बोर्ड खोक्यात भरतो म्हणे. आज वापस नाही धाडला तं मंग दुकानदार घेत नाही.

डिंपल : आणि पुण्याच्या ऑफिसलाही मला आजच सांगायचंय. घरी मोठं मशीन चालू झालं म्हटलं तर ते काम माझं. नाहीतर दुसऱ्या कुणाला देतील.

सत्यभामाबाई : मंग बोलण्यात टाइम काऊन घालवतं? सांग लवकर.

डिंपल : रुंद प्लग बघा. चोवीस भोकांचा.

सत्यभामाबाई : बसला आहे. ओढून पाह्यला, निघत नाही.

डिंपल : आता दुसऱ्या टोकाला या. चांदीसारख्या दोन मोठ्या जाळ्या आहेत ना, त्यांच्यामागं दोन काळे प्लग असतील.

सत्यभामाबाई : आहेत. एक पक्का आहे. दुसरा... थांब वं. हा तं अर्धाच बसला. हरिओमचं काम सारं असंच. अर्धं करते आन झालं म्हणते.

डिंपल : सरळ दाबा, आई. तिरपा नको. खाली बोर्ड वाकायला नको.

सत्यभामाबाई : मिरचीचं रोप लावून लावून बोटं झिजली माह्यी. कुठी किती दाबायचं ते मले नको शिकवू. हे घे.

डिंपल : टक वाजलं!

सत्यभामाबाई : तुले ऐकू आलं?

डिंपल : इतकं स्पष्ट आलं. कसला हात आहे तुमचा! मी असते तर भीतीनंच दाबलं नसतं. आता भिंतीवरचं बटन लावा.

सत्यभामाबाई : लावलं. हिरवा दिवा लागला. आता हे वायरचं बारकं बटन दाबतो... दाबलं.

डिंपल : काय झालं?

सत्यभामाबाई : काही नाही झालं. पंखा हालला नाही, काही आवाज नाही. जसंच्या तसं.

डिंपल : जाऊ द्या, आई. आता माझ्याकडं सांगायला काही उरलं नाही. जुना माल आहे, मेलाच असेल बोर्ड. भरा खोक्यात.

सत्यभामाबाई : मेला असता तं दिवा कायले लागला असता?

डिंपल : दिव्याचं काही सांगता येत नाही. इथं माहेरी माझी आई सकाळपासून तेच म्हणायलीय, आठव्या महिन्यात हा डोक्याला ताप कशाला म्हणून. बरोबरच आहे तिचं.

सत्यभामाबाई : तुह्या आईचं तुह्या आईजवय. माह्यं ऐक. तू त्या पुण्यावाल्याचं घर कॉम्प्युटरवर केलं होतं नं, ज्याची अजून वीटही रचली नव्हती? त्याच्यात सोफा मांडला, पडदे लावले, खिडकीतून ऊन कुठपर्यंत येते तेही दाखवलं. मी साऱ्या गल्लीले दाखवलं ते. शेजारची अन्नपूर्णा म्हणे, फोटो असीन. म्या म्हटलं, फोटो नाही बाई, हे माह्या सुनेचं डोकं आहे. आन तू म्हणतं जाऊ द्या?

डिंपल : गल्लीला दाखवलं? मला कधी बोलला नाहीत.

सत्यभामाबाई : तुह्यापुढं कायले बोलू? शेफारली असती. चाल, पह्यल्यापासून विचार.

डिंपल : बरं. मला आता फक्त एवढं सांगा, तुम्ही काय काय करता. हात लावल्यापासून. एकही गोष्ट गाळू नका, कितीही साधी असू द्या.

सत्यभामाबाई : भिंतीवरचं बटन लावतो. हिरवा दिवा लागते. मंग बारकं बटन दाबतो. काही होत नाही. मंग भिंतीवरचं बंद करतो.

डिंपल : बंद करता? आता पण केलं?

सत्यभामाबाई : केलं नं.

डिंपल : कधी?

सत्यभामाबाई : लगेच. मंग काय जळू देऊ? विहिरीवरची मोटर नुसती गुणगुण करते आन उठत नाही, तवा बटन बंद कराच लागते. नाहीतर वायंडिंग जळते. हरिओमही तसंच करते.

डिंपल : म्हणजे यांनी पण दरवेळी लगेच बंद केलं?

सत्यभामाबाई : तू माहेरी गेली आन पार्सल आलं, तवापासून दहा खेप लावलं, दहा खेप बंद केलं. जपूनच केलं बापा.

डिंपल : अरे देवा. आई, आणि मी इथं बसून बोर्डाला शिव्या घालायलेय!

सत्यभामाबाई : काऊन? काय चुकलं?

डिंपल : तुमचं काही नाही. मीच विचारायला पाहिजे होतं. ऐका, या बोर्डावर एक बारका वेगळा कॉम्प्युटर असतो. राखणदार समजा. लाइट आली की आधी तो उठतो, सगळं तपासतो. त्याचं झाल्याशिवाय बटन कितीही दाबा, बोर्ड ऐकत नाही. आपण दरवेळी त्याला उठायच्या आधीच झोपवलं.

सत्यभामाबाई : किती टाइम लागते त्या राखणदाराले?

डिंपल : चहाला उकळी येईल एवढा. बटन लावा आणि मग कशालाच हात लावू नका.

सत्यभामाबाई : लावलं. चहा ठेवू का मंग?

डिंपल : नको! तिथंच बसा. बघत राहा.

सत्यभामाबाई : हात वळवळ करते वं. त्या बटनाकडंच जाते.

डिंपल : मांडीखाली दाबून धरा.

सत्यभामाबाई : धरला. काय एकेक डोकं तुहं! तठी पलंगावर बसून, न पाहता, कोणत्या कोपऱ्यात काय आहे ते सांगतं. मी समोर बसून आहे आन मले दिसलं नाही.

डिंपल : तुम्ही बोललात म्हणून दिसलं मला. दुसरं कुणी असतं तर 'नाही होत' म्हणून फोन ठेवला असता. आई, एक सांगू? मला हे काम किती पाहिजे ते मी इथं कुणालाच नाही बोलले. सगळे म्हणतात आता बाळ, आता घर. वाटलं, आपण काही म्हटलं तर हावरट दिसू.

सत्यभामाबाई : मले तं माहीत होतं.

डिंपल : तुम्हाला कोण बोललं?

सत्यभामाबाई : बोलाच लागते का? लॅपटॉप तापला का तू माह्यी ताटं पालथी घालून त्याच्यावर ठेवायची. आन वरून पुठ्ठ्यानं वारा घालायची. एवढा जीव लावतं माणूस, तं उगाच थोडी लावतं?

(बाहेर टेम्पोचा हॉर्न. हरिओम आत येतो.)

हरिओम : माय, अजून भरलंच नाही खोक्यात? आन हे काय, लाइन चालूच? बंद कर आधी, जळीन ते!

सत्यभामाबाई : हात लावू नको, हरिओम! मागं सर!

हरिओम : अवं पर...

डिंपल : अहो, मी आहे फोनवर. थोडं थांबा फक्त.

हरिओम : डिंपल? तू काऊन जिवाले त्रास करून घेतं? दुकानदाराचा फोन येऊन गेला. आताची गाडी चुकली तं वापस नाही जात ते.

डिंपल : चुकू द्या.

हरिओम : आन चालू नाही झालं तं? तुले डबल वाईट वाटीन. मी त्याच्यासाठीच तं म्हणून राह्यलो.

सत्यभामाबाई : गप बे. डिंपल, एक दुसरा दिवा लागला. पार कोपऱ्यात, बारका. लुकलुक करून राह्यला.

डिंपल : आधी कधी दिसला होता तो?

सत्यभामाबाई : कधीच नाही.

हरिओम : मलेही नाही दिसला. खरं सांगतो.

डिंपल : उठला तो, आई. आता बारकं बटन. एकदाच दाबा आणि सोडा.

हरिओम : मी दाबू का, माय?

सत्यभामाबाई : नाही. तू नको. हे दाबलं.

हरिओम : आरे बाप रे!

डिंपल : आई? आई, काय झालं? मला काहीच ऐकू येईना. कसला आवाज आहे?

सत्यभामाबाई : पंखे वं! सारे पंखे फिरून राह्यले! माह्यं फडकं उडालं! घरात ज्वारीची मयणी चालू झाल्यासारखं वाटून राह्यलं!

हरिओम : मी दहा खेप पाह्यलं याले. दहा खेप! आन तू तठी देऊळगाव राजाले बसून, डोयानं न पाहता?

डिंपल : हात आईंचे होते.

हरिओम : मानलं बापा दोघींले. आता दुकानदाराले काय सांगू?

सत्यभामाबाई : सांग, वापस येत नाही म्हणाव. ठेवून घेतलं. डिंपल, ऐकतं नं? रडून राह्यली काय?

डिंपल : नाही. हो, थोडंसं.

सत्यभामाबाई : पुरे आता. डोये पुस आन पुण्याले फोन लाव.

डिंपल : लावते. पण ते आता पुढचंही विचारतील.

सत्यभामाबाई : आता आणखी काय?

डिंपल : बाळ झाल्यावर काम कसं करणार, बाळाकडं कोण बघणार.

सत्यभामाबाई : सासू आहे म्हणाव घरी. रोहिणखेडले.

डिंपल : आणि नाही विचारलं तर?

सत्यभामाबाई : तरी सांग.