हरताळाविना शिकवणी

निघोजच्या बसमध्ये मंजुळाबाई रोजचा जप करत होत्या. पुढच्या बाकावर स्वरूपा आपल्या मामांवर चिडली होती.

“तुमचं ऐकून माझी चूक साहेबांना कळवली. एकाचं बिल दुसऱ्याच्या खात्यात पडलेलं. गुपचूप उडवलं असतं, तर सुटले असते!”

“अगं, माझ्या पणजोबांना पेढीवर जमाखर्च शिकवला ना, तेव्हा मुनीमजींनी बोरू दिला, शाई दिली, पण अक्षरावर फासून चूक झाकायचा हरताळ दिला नाही. चुकलेलं तसंच राहू द्यायचं, खाली खरं लिहायचं.”

“आणि मार खायचा!”

“खाल्ला की. पण पुढं पेढीच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला आल्या.”

“मला नारळ मिळणार, मामा. पहिलीच नोकरी हो!”

स्वरूपाचा फोन वाजला. मंजुळाबाईंच्या बोटांत मणी थांबला.

“हो सर... दुरुस्तीची नोंद आजच टाकते... हो सर, थँक्यू सर!”

“काय म्हणाले?”

“नोंद उडवली नाहीस, म्हणून चूक लगेच सापडली म्हणाले. आणि उद्यापासून वेळेवर ये म्हणाले.”

“म्हणजे नोकरी आहे!”

“आहे, मामा, आहे!”

“मग बोरू घेऊन देऊ?”

“मामा!”

कितवा मणी होता, मंजुळाबाईंना आठवेना. त्यांनी हसत माळ पुन्हा मेरुमण्यापासून धरली.