फ्रेश म्हणजे अळणी

(बेकरीतली भट्टीमागची खोली. टेबलावर अर्धा खाल्लेला पाव.)

सून : आई, शिंपीकाकांनी पाव परत पाठवलाय.

सासू : का? सुईत ओवता येईना?

सून : अळणी आहे म्हणतात.

सासू : त्याची जीभ अळणी! या घरात आल्यापासून पीठ मी मळतेय. आजवर कुणाची हिंमत झाली नाही असं म्हणायची.

नात : आजी, एक घास खाऊन तर बघ.

सासू : आण इकडे. हं. मऊ आहे.

नात : आणि चव?

सासू : मऊ आहे म्हटलं ना!

सून : सकाळी पीठ बघता बघता काठापर्यंत चढलं, तेव्हाच मला शंका आली. मीठ नसलं की ते असं उधळतं.

सासू : मग तेव्हा दातखीळ बसली होती?

सून : तुम्ही म्हणालात, बघ माझ्या हाताचा गुण. त्यावर मी काय बोलणार?

सासू : आता सांग जाऊन नवऱ्याला. टपलेलाच आहे तो. 'आई, आता भट्टी सोड, आराम कर.' आराम करून काय माशा मारत बसू?

सून : मी कशाला सांगू?

नात : आजी, आपल्या पाटीवर काय लिहिलंय?

सासू : फ्रेश पाव. एवढं इंग्रजी येतं मला. फ्रेश म्हणजे ताजा.

नात : आता ताजा. पण फार पूर्वी इंग्रजीत हा शब्द पाण्यासाठी होता. खारं नसलेलं, ते फ्रेश. अजूनही गोड्या पाण्याला फ्रेश वॉटरच म्हणतात.

सासू : म्हणजे फ्रेश म्हणजे अळणी?

नात : मुळात, हो.

सासू : मग त्या शिंप्याला म्हणावं, आधी पाटी वाच! इतकी वर्षं नुसता ताजा खाल्लास, आज पहिल्यांदा खरा फ्रेश मिळाला तर बोंबलतोस?

सून : आणि उरलेल्या पावांचं काय करू?

सासू : डॉक्टरने मीठ तोडलेली माणसं काय कमी आहेत गल्लीत? त्यांना वाट. दुवा देतील. शिंप्याला दुपारच्या घाण्यातला दे.

सून : दुपारचं पीठ...

सासू : मीच मळणार. तू फक्त शेजारी उभी राहा. काही चुकतंय वाटलं तर बोल. मी ओरडेन. तरी बोल.