हळू बोला, ती आत आहे

...नाही, पण मी म्हणतो, मलाच कशाला उभं करायचं? कमिटीच्या अध्यक्षांना मी चांगलं बजावलं होतं, साहेब, मला बोलता येत नाही, आणि एकदा बोलायला लागलो की थांबता येत नाही! तर म्हणतात कसे, "काका, या जुन्या बाजारात तुमच्याइतकं जुनं दुसरं आहे काय?" घ्या! म्हणजे मीही मालातच जमा! आणि विषय काय, तर गिऱ्हाइकाला खूश कसं ठेवावं. तुम्ही सगळे नवे गाळेवाले असे माना वर करून बसलाय, तुम्हाला वाटतंय काका आता गुपित सांगणार. अहो, गुपित माझं नाहीच, ते बायकोचं. आणि ती तर आता सांगायला नाही.

असो. तिचं एकच म्हणणं होतं, गिऱ्हाईक हसत गेलं पाहिजे.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, स्वस्त द्यावं. साफ चूक! तुम्हाला सांगतो, मी देऊन पाहिलंय. एकाने टेबलावरचा दिवा उचलला, भाव विचारला, मी सांगितला, तो म्हणाला "जरा कमी करा", मी म्हटलं "बरं, न्या." संपलं! त्याचा चेहराच पडला. दिवा उलटा करून बघतोय, वायर ओढून बघतोय, "चालतो ना? चोरीचा नाही ना?" शेवटी नेला, पण असा तोंड पाडून गेला की बघणाऱ्याला वाटावं मीच त्याचा खिसा कापला! संध्याकाळी ताडपत्री गुंडाळताना बायको म्हणाली, "अहो, त्याला थोडं जिंकू द्याल की नाही? आठवडाभर बिचारा साहेबापुढे हरत असेल, घरी पोरांपुढे हरत असेल, इथे सुट्टीच्या दिवशी चार घटका जिंकायला आला, आणि तुम्ही लढलाच नाहीत!" मी म्हटलं, "अगं, पण लढायचं कुणी? मला भांडता येत नाही." तर म्हणाली, "तुम्ही नका भांडू. मी भांडते."

आणि पुढच्या बाजाराला गाळ्यात मागे एक पडदा लावला, पडद्यामागे स्टूल टाकलं आणि बसली!

आता बघा हं गंमत. गिऱ्हाईक येणार, किटली उचलणार, भाव विचारणार. मी सांगणार. ते म्हणणार, "काका, काहीतरी कमी?" की पडद्यातून आवाज, "छदाम कमी होणार नाही! घर धुऊन द्यायला बसलेत मेले!" गिऱ्हाईक दचकायचं! मी इकडे मान खाली घालून, असा केविलवाणा चेहरा करून, हळूच म्हणायचो, "हळू बोला, ती आत आहे... एक चक्कर मारून या, ती चहाला उठते." मग ते गिऱ्हाईक समोरच्या कुलूपवाल्याकडे उगाच कुलपं चाळत उभं राहायचं, एक डोळा आमच्या पडद्यावर. बायको उठायची, पाय आपटत चहाच्या टपरीकडे जायची, की हे धावत आलंच! मी किटली कागदात गुंडाळून, "पटकन पिशवीत घाला, वळून बघू नका." आणि ते असं पळायचं, असं खुदूखुदू हसत पळायचं, की विचारू नका! भाव? भाव सकाळी घरीच ठरलेला. तिने ठरवलेला. तोच!

पण गिऱ्हाईक हसत गेलं पाहिजे, ते गेलं.

आणि तुम्हाला खरं सांगू? घरात कंजूष मी. ती नाही हो! ती भाव कमी लावायची म्हणून मी कटकट करायचो. "अहो, कुणाच्या तरी घरातनं आलेली किटली ती, आपण काय घडवली?" म्हणायची. एकेक वस्तू घासून-पुसून, दांडा ढिला असेल तर घट्ट करून मगच गाळ्यावर आणायची. आणि पडद्याखालून माझा शर्ट ओढायची... एकदा ओढला की आणखी कमी करा, दोनदा ओढला की पैसेच घेऊ नका! तोंडाने मात्र, "छदाम कमी होणार नाही!" एक म्हातारी चष्म्याचं घर बघत होती, परवडत नव्हतं तिला, आतून तोफखाना चालू आणि शर्ट एवढा ओढला, एवढा ओढला, की बटण तुटून म्हातारीच्या पायाशी! म्हातारी ते उचलून देते आणि म्हणते, "जपा हो स्वतःला. फार छळते वाटतं."

छळते! सगळ्या बाजाराने तिचं नाव 'तोफ' पाडलं. "काका, तोफ आहे का आज?" "काका, कसं काढलंत हो आयुष्य?" मी आपला सुस्कारा टाकायचो. अहो, काय सुस्कारा जमला होता मला! रात्री जेवताना तिला सांगायचो, आज तिघांनी माझी कीव केली, तर ती हसून हसून डोळे पुसायची, घास घशाशी अडकायचा तिच्या. मी एकदा म्हटलं, "अगं, तुला वाईट नाही वाटत?" म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे ना मी कशी ते? मग झालं."

मग ती आजारी पडली. आवाज गेला. तरी स्टूल सोडेना! नुसती खोकायची. आणि गिऱ्हाईक त्या खोकल्याला जास्त घाबरायला लागलं हो! "फार चिडल्यात वाटतं आज," म्हणायचं आणि आणखी खुशीत पळायचं. मी म्हणायचो, चल घरी, पुरे हे सोंग. ती हाताने खुणा करायची, पुढे बघा, पुढे बघा, गिऱ्हाईक आहे.

गेली. काय सांगू तुम्हाला. गेली.

गाळा बंद ठेवला, घरात बसवेना, पुन्हा उघडला. पहिलंच गिऱ्हाईक, जुनं, ओळखीचं, चांगला माणूस हो, घड्याळांचा शौकीन. पडद्याकडे बघत हळूच म्हणतो, "नाहीत का बाईसाहेब?" मी म्हटलं, "गेली ती. मागच्या महिन्यात." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेने बरं का, आणि म्हणाला, "चला काका... सुटलात एकदाचे."

आता मी काय करायला हवं होतं? सांगा ना! उठून त्याची गचांडी धरायला हवी होती? पण तोंडाला सवय गिऱ्हाइकाला खूश ठेवायची... मी हसलो. तोही हसला. घड्याळ घेऊन गेला. हसत गेला!

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. ठरवलं, बास, आता एकेकाला खरं सांगायचं. पुढच्या बाजाराला एक मास्तरीणबाई आल्या, नेहमीच्या, शिकलेल्या, समजूतदार. त्यांना स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं, की बाई, ती तशी नव्हती, ते आमचं दोघांचं नाटक होतं, ती लोण्याहून मऊ होती, तुमचा तो फुलदाणीचा भाव तिनेच कमी केला होता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या! मला वाटलं, चला, एकीला तरी पटलं. तर म्हणतात, "काका, तुम्ही किती मोठ्या मनाचे हो! एवढं सोसलंत, तरी तिच्यामागे तिच्याबद्दल चांगलंच बोलता!"

घ्या!

मी जितकं चांगलं सांगावं तितकी ती वाईट होते आणि मी देवमाणूस होतो. कुलूपवाला इतकी वर्षं समोर, त्याला तर सगळं डोळ्यांनी दिसायचं, तोही म्हणतो, "असू दे रे, आता कशाला झाकतोस?"

आणि धंदा? बसला. भाव सांगतो, कमी करतो, लोक तोंड पाडून जातात. जिंकायला समोर कुणी नाही ना! मागच्या रविवारी एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं. पोरीला एक आरसा फार आवडला होता, नवरा खिसा चाचपत होता. मी म्हटलं, न्या कमीत. दोघांचे चेहरे पडले. आरसा खाली ठेवला. निघालेच. आणि कसं झालं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "हळू बोला... ती आत आहे." अहो, थांबले! डोळे चमकले! पोरीने तोंडावर हात धरला, त्याने पैसे माझ्या हातात कोंबले, आरसा कोटाखाली घातला आणि पळाले, हसत, एकमेकांवर आदळत, पार कोपऱ्यापर्यंत.

मी तिथेच उभा. पुढच्या गिऱ्हाइकाने भाव विचारला, तर मी आपला पडद्याकडेच बघतोय.

तर मंडळी, असं आहे. आता नव्या गिऱ्हाइकांच्या लेखी ती जिवंत आहे, जुन्यांच्या लेखी खाष्ट होती. दोघंही हसत जातात, तिचं म्हणणं खरं झालं. आणि जी खरी होती ना, ती एवढी एकच माझ्याकडे शिल्लक आहे... फुकट द्यायला निघालोय हो, पण कुणी घेतच नाही.