सातवं आरमार अन् कडूबाईचा सांजा

...न्हाई, मी काय म्हणतो, भांडण दिल्लीचं अन् वॉशिंग्टनचं असंल तर असू द्या ना! आमच्या गावच्या चुलीनं कुणाचं काय घोडं मारलं व्हतं? तुमाला सांगतो, एकाहत्तरचा डिसेंबर. तिकडं बांगलादेशाची लढाई पेटलेली, इकडं ग्रामपंचायतीच्या रेडिओला अख्खं गाव चिकटलेलं, गुळाच्या ढेपीला मुंगळे चिकटावेत तसं! अन् रेडिओ खरखरला... पाकिस्तानच्या बाजूनं अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडं निघालंय! म्हातारा मुंजाजी डुलक्या घेत व्हता, तो खडबडून उठला. "सातवं? मंजी पैली सहा कवा येऊन गेली? मला कुणी उठीवलं कसं न्हाई?"

बोट समुद्रात, अन् हादरा आमच्या गावात!

गाव कोणतं ते इचारू नका. परभणीकडं, झरीच्या अलीकडं हाय, एवढंच सांगतो. ह्या गोष्टीतले लोक अजून जित्ते हायत.

तर आबासाहेब. गावचे पुढारी, शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. दुसऱ्याच दिवशी शाळेच्या पटांगणात बाजेवर उभे! "बंधूंनो! गावात अमेरिकेचं जे जे काही असंल, त्याची उद्या सकाळी होळी!" आता आली का पंचाईत? आमच्या गावात अमेरिकेचं असून असून असणार काय? मोटार? इमान? अवो, गावात सायकली तीन, त्यातल्या एकीचं नुसतं हँडल! अमेरिकेचं म्हणाल तर शाळेच्या कोठीतलं तेवढं. मक्याचं पिवळं पीठ, दुधाची भुकटी, तेलाचे डबे... गरिबाच्या लेकरांसाठी तिकडून यायचं, अन् त्याचा सांजा शिजवायची आमची कडूबाई.

नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, तोंडानं फटकळ, पण सत्तर लेकरं तिच्या एका पातेल्यावर. त्या साली पावसानं आधीच दगा दिलेला, घरोघर भाकर अर्ध्यावर आलेली. गावातल्या दगडाबाईची थोरली पोरगी तर रोज आपल्यातला अर्धा सांजा पळसाच्या पानात बांधून घरी न्यायची, धाकट्या बहिणीला. कडूबाईला दिसायचं. त्या पोरीच्या ताटात पळी जरा जास्त वाकडी करायची, बास! अन् आता ती पोती जाळायची? का, तर बोट निघाली म्हणून?

राग काय तिला आला नव्हता? सख्खा भाचा फौजेत, त्याच लढाईवर! पण पोती जाळून बोट का बुडणार हाय?

कडूबाई तिथंच पटांगणात उठली. "आबासाहेब, जाळा पोती. पर परवाच्याला लेकरान्ला काय घालू?"

आबासाहेबानं छाती फुगिवली. "स्वाभिमान!"

"बरं. अन् त्याला फोडणी कशाची देऊ?"

पटांगण असं हसलं, असं हसलं! आबासाहेब लालबुंद. "बाईमानसानं राजकारणात बोलू नये! देशाचा सवाल हाय! होळी मंजी होळी!"

कडूबाई गप बसली. अन् ती बाई गप बसली ना, की समजायचं, काहीतरी शिजायलंय. दुपारी टोपलं घेऊन निघाली, ती थेट आबासाहेबांच्या वाड्यावर. मालकीणबाई कस्तुराबाई लय सरळ. "ताई, मालकांचा हुकूम हाय, अमेरिकेचं असंल ते द्या." मालकांचा हुकूम म्हणल्यावर ती माउली काय मागं ठेवते व्हय? दिलं टोपलं भरून!

सकाळी सारं गाव जमा. आबासाहेबाच्या हातात काडेपेटी. कडूबाई म्हणली, "थांबा, पैला मान पुढाऱ्याच्या घरचा!" अन् लागली की एकेक काढायला! तेलाचे डबे... चार. उशीच्या खोळी... सहा. पोत्याच्या कापडाच्या, धुऊन मऊसूत झालेल्या. अन् मग निघाली... काय निघालं असंल? चड्डी! आबासाहेबांची! त्याच कापडाची, बुडावर छापलेले हात मिळवलेले दोन पंजे, अन् खाली विंग्रजी अक्षरं. मास्तरान्ला राहवंना, वाचलं मोठ्यानं. "अमेरिकेच्या जनतेकडून सप्रेम भेट. विकू नये."

बोट समुद्रात, अन् आरमार आबासाहेबाच्या धोतरात!

पोती शाळेची, मग वाड्यात कशी गेली? इचारणार कोण, अन् कुणाला? अध्यक्ष तेच! मुंजाजी तेवढा म्हणला, "आबासाहेब, तुमी तर आधीच हात मिळवून बसलेले की!"

काडेपेटी खिशात गेली. मग ठरलं, होळी कागदाच्या बोटीची करायची. मास्तरांनी वहीचं पान फाडून बोट केली, आबासाहेबानं जाळली, लोकांनी जयजयकार केला, अन् कडूबाई चुलीकडं गेली. चार दिवसांत लढाई जिंकली, भाच्याचं खुशालीचं पत्र आलं. बाईनं त्या दिवशी सांज्यात घरचा गूळ घातला.

पण सुख किती दिवस? पुढच्या महिन्यापसून पोतीच येईनात! कुणी म्हणलं, अमेरिका रुसली. कुणी म्हणलं, माल वाटंत अडकलाय. खरं काय? परभणीच्या सायबान्ला ठाऊक न्हाई, तर आमाला काय कपाळ ठाऊक! आमी बहिष्कार घालायला निघालो, अन् बहिष्कार पडला पातेल्यावर. बोट कवाच माघारी गेलती, तरी हादरा आमच्याच गावात! कडूबाईनं महिनाभर घरच्या जवारीच्या कण्या शिजवल्या, मग कणगीच्या तळाला हात लागला. त्या दिवशी तिनं पातेलं पालथं घातलं.

अन् मग आलं बहात्तर. दुष्काळ! रेशनवर आला लाल मिलो, तांबड्या जवारीसारखं धान्य. कुठला? अमेरिकेचाच! कडूबाई रांगेत, तिच्या मागं खुद्द आबासाहेब, उपरण्यानं तोंड झाकून. हळूच म्हणतेत, "कडूबाई, हे तर तिकडं डुकरान्ला घालतेत म्हणं."

"घालत असतील. बोटीत बसलं की धान्याची जात बदलती, आबासाहेब. पिशवी धरा."

"अन् तुला राग येत न्हाई?"

बाईनं लाल दाणे मुठीत घेऊन फुंकर मारली. म्हणली, "लय येतो. पर करता काय? भरल्या तोंडानं शिवी देता येत न्हाई, अन् उपाशी तोंडाची तिकडवर ऐकू जात न्हाई!"